मराठ्यांचा ‘हिरो’ कोण आणि ‘इकॉनॉमी युनिट’ कोणते?

१/ दिवाळीच्या सुटीत गिरगावच्या वाड्यांत आणि लालबाग-परळच्या चाळींत मुले मातीचा किल्ला उभारतात. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, तटावर मावळे. पायथ्याशी विहीर, शेतकरी, गवळण, भाजीवाली. रणनीतीच्या संगणकीय खेळांच्या भाषेत सांगायचे तर वर ‘हिरो’, खाली ‘इकॉनॉमी युनिट’. आजचा धागा या दोघांविषयी आहे.

२/ ‘एज ऑफ एम्पायर्स ३’च्या ‘द एशियन डायनॅस्टीज’ या विस्तारात (२००७) भारतीय संस्कृती आली. तिचा हिरो म्हणजे हत्तीवर बसलेला, जखमींना बरे करणारा ब्राह्मण. तिचा गावकरी अन्नाऐवजी लाकूड खर्चून मिळतो. ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये (२००९) तर मराठे स्वतंत्र सत्ता म्हणून खेळता येतात.

३/ समजा, मराठ्यांची संस्कृती आपल्याला नव्याने रचायची आहे. हत्ती बदलून घोडा आणला आणि गावकऱ्याला पागोटे चढवले, तर फक्त चित्र बदलेल. खेळाचे नियम इतिहासातून यावेत, असे वाटत असेल तर मूळ साधनांकडे जावे लागते.

४/ प्रथम शेतकरी. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीत बखर लिहिली. तिच्यानुसार पिकाचे पाच भाग करून तीन रयतेला, दोन सरकारला. नव्या रयतेला गुरे, बियाणे, पोटासाठी दाणे व पैका द्यावा आणि तो ऐपतीप्रमाणे दोन-चार वर्षांत उगवून घ्यावा.

५/ ५ सप्टेंबर १६७६ रोजी महाराजांनी दक्षिण कोकणातील प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले पत्रही हेच सांगते. ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलासाठी पैसा द्यावा आणि पुढे वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल वसूल करावे. लालबाग-परळच्या कित्येक घरांचे मूळ गाव याच कोकणात आहे.

६/ म्हणजे मराठ्यांचा ‘कुणबी’ हे युनिट इतरांहून वेगळे चालेल. ते तयार करताना खजिना आधी रिकामा होईल आणि परतावा उशिरा, पण दीर्घकाळ मिळेल. घाईने वसुली केली, तर कुणबी गाव सोडून जाईल. त्या काळी जुलमाला रयतेचे हे नेहमीचे उत्तर होते.

७/ आता घोडदळ. बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा व शस्त्रे स्वतःची. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्यांसाठी एक पखालजी व एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा हिशेबात धरल्याखेरीज पथक पूर्ण होत नसे.

८/ पावसाळ्यात लष्कर छावणीस येई, दसऱ्याला मोहिमेवर निघे. परतल्यावर प्रत्येकाच्या मालाचा झाडा घेतला जाई आणि लूट सरकारजमा होई. त्यामुळे हे घोडदळ एकाच वेळी सैन्यही होते आणि उत्पन्नाचे साधनही. खेळात बारगीर महाग पण आज्ञेतला, तर शिलेदार स्वस्त पण सांभाळावा लागणारा असावा.

९/ राहिला हिरो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये ‘रेजिसाइड’ नावाचा प्रकार आहे: राजा पडला की डाव संपला. १६८९ साली औरंगजेबाचा हिशेबही असाच होता. ११ मार्चला छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई व शाहू कैद झाले.

१०/ डाव संपला नाही. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांनी कारभार सांभाळला, संताजी घोरपडे व धनाजी जाधव रणात राहिले. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले, तेव्हा महाराणी ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला, तरी युद्ध चालूच होते.

११/ म्हणून मराठ्यांच्या हिरोची खरी शक्ती तो पडल्यानंतर दिसली पाहिजे. त्याने हयातीत जितके किल्ले, कारभारी आणि कुणबी उभे केले असतील, तितका पुढचा वारस बळकट होईल. हिरोचे कर्तृत्व त्याने मारलेल्या शत्रूंवरून न मोजता, मागे ठेवलेल्या व्यवस्थेवरून मोजावे.

१२/ मात्र याची किंमतही खेळात हवी. खजिना आटला, तेव्हा राजाराम महाराजांना सरदारांना वतने व सरंजाम द्यावे लागले. त्याने राज्य तगले. पण शिवाजी महाराजांनी ज्या स्वतंत्र बळाला आवर घातला होता, ते पुन्हा वाढले. अठराव्या शतकातील बलाढ्य सरदार घराणी आणि त्यांच्यातील तंटे यांची एक वाट येथूनच निघते.

१३/ चाळीतला किल्ला करणाऱ्या मुलांना ही रचना न शिकवता कळलेली असते. महाराज माथ्यावर आहेत, कारण पायथ्याशी शेत हिरवे आहे. यंदा किल्ला कराल तेव्हा मावळ्यांच्या रांगेत एक पखालजी आणि एक नालबंदही ठेवा. त्यांच्यावाचून तो घोडा दसऱ्याला निघाला नसता.