स्पर्धक एकमेकांशी का बोलतात? मोटार डीलरांच्या जाळ्याचा छोटा इतिहास

माझी एमएस्सी संख्याशास्त्रातली. त्यामुळे पीएचडीला सोशल नेटवर्क हा विषय घेतल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर ठिपके आणि रेषा काढल्या. माणूस म्हणजे ठिपका, दोघांत संवाद झाला की रेषा. उदाहरण होतं अमेरिकेतल्या मोटार डीलरांच्या ऑनलाइन संवादाचं. पहिल्याच सादरीकरणात मॅडमनी विचारलं, "हे सगळे स्पर्धक ना? मग धंद्यातलं गुपित एकमेकांना सांगतील कशाला?" मी गप्प. उत्तर माझ्या आकड्यांत नव्हतं, इतिहासात होतं.

१९१७ पासून सुरुवात करू. अमेरिकन काँग्रेस मोटारीला चैनीची वस्तू समजून तिच्यावर ५ टक्के कर लावायच्या बेतात होती. ३० डीलर वॉशिंग्टनला गेले, मोटार ही गरज आहे हे पटवलं आणि कर ३ टक्क्यांवर आणला. त्यातून नॅशनल ऑटोमोबाइल डीलर्स असोसिएशन उभी राहिली. समोर सगळ्यांचं संकट एकच असेल तर स्पर्धक एकत्र येतात, हे झालं पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर जास्त मजेशीर आहे. या धंद्यात 'ट्वेन्टी ग्रुप' नावाची जुनी पद्धत आहे. साधारण वीस डीलरांचा गट, पण एकमेकांच्या बाजारपेठेत कोणीच नाही. ते आपले हिशेब एकमेकांपुढे उघडे करतात: गाडीमागे नफा किती, सर्व्हिस विभाग किती कमावतो, जाहिरातीवर किती जातात. टेक्ससचा डीलर ओहायोतल्या डीलरचं गिऱ्हाईक पळवू शकत नाही, म्हणून हा मोकळेपणा.

आणि एकाच भागातले डीलर एकत्र आले तर? मे १९९४ मध्ये 'सॅन होजे मर्क्युरी न्यूज'ने गाडी घेताना कंपनीचं इन्व्हॉइस कसं वाचावं हे गिऱ्हाइकांना समजावणारा लेख छापला. चिडलेल्या स्थानिक डीलरांनी सुमारे १० लाख डॉलरच्या जाहिराती काढून घेतल्या. फेडरल ट्रेड कमिशनने याला संगनमताचा बहिष्कार ठरवलं आणि १९९५ मध्ये सांता क्लारा परगण्यातल्या डीलर संघटनेशी तडजोडीचा आदेश झाला. म्हणजे बोलणं चालतं, ठरवून बहिष्कार घालणं चालत नाही.

त्याच सुमारास इंटरनेट आलं. १९९५ मध्ये ऑटोबायटेल सुरू झालं आणि गिऱ्हाईक शोरूममध्ये येण्याआधीच भाव विचारू लागलं. त्यांना उत्तरं द्यायला 'इंटरनेट मॅनेजर' हे नवं पद निघालं. बघा, मालकाकडे ट्वेन्टी ग्रुप होता. हा माणूस मात्र बहुतेक शोरूममध्ये एकटाच. शेजारच्या शोरूममधला तर प्रतिस्पर्धी! मग विचारायचं कोणाला? २००३ मध्ये लिंक्डइन आलं, २००५ मध्ये कोणालाही स्वतःचं नेटवर्क उभारू देणारं निंग आलं, आणि दूरच्या समव्यावसायिकांची सोबत त्यालाही मिळाली. माझं म्हणणं असं, की इथे जुनंच तत्त्व मालकाकडून नोकरदारापर्यंत पोहोचलं.

आता खरी परीक्षा. २०११ च्या शेवटी ट्रूकार या कंपनीच्या जाहिरातींवर डीलर भडकले. इतरांनी किती भावाला गाडी विकली हे ती गिऱ्हाइकाला दाखवायची आणि विक्रीमागे डीलरकडून पैसे घ्यायची. ऑनलाइन टीकेचा भडका उडाला. तीनच महिन्यांत तिचे डीलर साडेपाच हजारांवरून चार हजारांच्या खाली आले. माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहून मोकळा झालो होतो: 'नेटवर्कमुळे डीलर बाहेर पडले.'

हे वाक्य मी खोडलं. कारण त्याच काळात होंडाने अशा कमी भावाच्या जाहिराती करणाऱ्या डीलरांचं जाहिरात-अनुदान रोखण्याचा इशारा दिला होता. काही राज्यांचे अधिकारीही परवान्याचे आणि जाहिरातीचे नियम काढून प्रश्न विचारत होते. कारणं तीन आणि परिणाम एक. डीलर बाहेर पडला तो गप्पा वाचून, होंडाला घाबरून की वकिलाच्या सल्ल्याने? माझ्या रेषा हे सांगू शकत नाहीत. आणि हा नुसता तात्त्विक वाद नाही. डीलरांनी ट्रूकारशी व्यवहार न करण्याचं संगनमत केलं का, याची चौकशी फेडरल ट्रेड कमिशनने पुढे केली. चौकशी म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. त्यामुळे मी बेफिकीरपणे 'एकत्र येऊन ठरवलं' असं लिहिलं, तर पुराव्याशिवाय शेकडो लोकांवर आरोप केल्यासारखं होतं.

आणखी एक अडचण. २०१० मध्ये निंगने फुकट सेवा बंद केली. पैसे न भरलेली नेटवर्क गेली, मजकूरही गेला. जे उरलंय ते टिकलेल्यांचं बोलणं, सगळ्यांचं नव्हे.

तुम्ही संशोधन प्रस्ताव लिहीत असाल तर आकृती काढण्याआधी दोन गोष्टी करा. ही माणसं एकमेकांशी का बोलतात याचं उत्तर एका परिच्छेदात लिहा. मग घटनांची तारीखवार यादी करून प्रत्येक परिणामासमोर किमान दोन पर्यायी कारणं मांडा. माझी यादी सध्या भिंतीवर चिकटवलेली आहे. ट्रूकारच्या ओळीसमोर अजून प्रश्नचिन्हच आहे, आणि मॅडम म्हणाल्या, तेच राहू दे.