जुन्या ध्वनिक्षेपकांची दुरुस्ती : सुटा भाग निवडताना

मुळगावची केळबाई आणि शिरगावची लईराई या लोकपरंपरेत बहिणी मानल्या जातात. डिचोली तालुक्यातील या पट्ट्याचे वर्ष जत्रा, काला, भजन आणि उत्सवी नाटके यांनी भरलेले असते. साहजिकच देवस्थानांच्या व नाट्यमंडळांच्या माळ्यांवर पत्र्याचे भोंगे आणि लाकडी खोक्यांतील स्पीकर साठत जातात. त्यांतला एखादा मुका झाला की तो भंगारात जातो. वास्तविक अनेकदा बिघाड असतो तो काही ग्रॅम वजनाच्या, बदलता येण्याजोग्या एका भागापुरता. मात्र तो भाग चुकीचा निवडला तर दुरुस्तीच त्या यंत्राचा शेवट ठरते.

रचना साधी आहे. चुंबकाच्या अरुंद, वर्तुळाकार फटीत बारीक तारेचे वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, तरंगते. विद्युतप्रवाह बदलला की ते पुढेमागे हलते आणि त्याला चिकटलेला कागदी कोन हवा हलवितो. राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेली ही रचना आजही मूलतः तशीच आहे. भोंग्यात कोनऐवजी पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम असतो आणि त्याचा आवाज कर्णा दूरवर फेकतो.

आपल्याकडचा पहिला शत्रू पावसाळा. चार महिन्यांच्या दमट हवेत कागदी कोनवर बुरशी चढते आणि फटीतील लोखंड गंजून वेटोळे घासू लागते. खाणपट्ट्यातील तांबड्या धुळीत चुंबकाला ओढले जाणारे कण असले, तर ते थेट त्या फटीत जाऊन बसतात. फुंकर मारून ते निघत नाहीत. पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळून फट पुसून घ्यावी लागते.

कोनच्या कडेची मऊ वळी फोमची असेल तर ती दमटपणाने विरून बोटाला चिकटते. विकत मिळणारी वळी केवळ बाहेरचा व्यास पाहून घेऊ नये. कोनचा व्यास आणि वळीची रुंदीही जुळली पाहिजे. फोमच्या जागी कडक रबर बसविल्यास कोनची हालचाल आखडते आणि खर्जाचा स्वर बदलतो. सोनोडाइन, कॉस्मिक यांसारखे घरगुती स्पीकर असोत किंवा आखातातून आणलेले जपानी संच, ही दक्षता सर्वत्र सारखीच. त्याहून जुन्या स्पीकरची कापडी किंवा कागदी घडीची कड मात्र शाबूत असेल तर तिला हात लावू नये. ती नव्या फोमहून अधिक टिकते. अल्निको चुंबकही त्याच्या लोखंडी चौकटीतून सोडवू नये. चुंबकीय मंडल तुटताच त्याची शक्ती घटते.

भोंग्याचे काम तुलनेने सोपे. मागचे युनिट फिरवून काढावे, झाकणाचे स्क्रू सोडवावेत आणि डायफ्राम उचलून घ्यावा. आहुजासारख्या कंपन्यांच्या युनिटांचे डायफ्राम सुटे मिळतात. कॉइलचा व्यास, ओहम आणि पडद्याचे द्रव्य या तिन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात. मल्टिमीटरवर ८ ओहमची कॉइल साधारण ६ ते ७ ओहम दाखविते. तो दोष नव्हे. काटा हललाच नाही तर तार तुटलेली समजावी. भोंग्यात १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असल्यास तो आधी वेगळा करून मगच मोजावे, नाहीतर भलतेच आकडे मिळतात.

नवा डायफ्राम आठवड्यात फाटला तर दोष बहुधा अॅम्प्लिफायरच्या जोडणीत असतो. हे भोंगे भाषण व भजनासाठी घडलेले आहेत. आजच्या ध्वनिमुद्रणातील ढोलाचा खर्ज त्यांना पेलवत नाही, कारण ठराविक पट्टीखाली कर्णा पडद्याला आधार देत नाही. यावर उपाय स्वस्त आहे. १६ ओहमच्या युनिटाला सुमारे ३३ मायक्रोफॅरडचा ध्रुवरहित कपॅसिटर एकसरीत जोडला की ३०० हर्ट्झखालचे स्वर बरेच रोखले जातात.

दोन स्पीकर एकत्र लावताना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहावा. दोन्ही कोन एकाच दिशेला हलले नाहीत तर एकाच्या तारा उलटाव्यात. काढलेले मूळ भाग तारीख लिहून पिशवीत जपावेत, कारण पुढच्या कारागिराला नमुना तोच.

या वस्तूंना इतिहासही आहे. स्वातंत्र्यलढ्यातील सभांचा आवाज नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’च्या यंत्रणेने पोहोचविला. गोवा मुक्त झाला तेव्हा वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी विमानाला लावलेल्या ध्वनिक्षेपकावरून ती वार्ता आकाशातून ऐकविली.

भोंगा पुन्हा माडावर चढविण्यापूर्वी ध्वनिप्रदूषण नियम, २००० पाहावेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. उत्सवी नाटक रात्रीच रंगते, म्हणून मंडपात प्रेक्षकांकडे वळविलेले कोनचे खोके हेच तिथे सोयीचे. दुरुस्त भोंगा दिवसाच्या भजनासाठी आणि घोषणांसाठी राखावा.