घरच्या कुत्र्याची किंमत कोण ठरवतं?

पशुवैद्याच्या चुकीने घरचा कुत्रा दगावला तर न्यायालय मालकाला काय देतं? मी अमेरिकेतले जे खटले अभ्यासतोय, त्यात उत्तर बहुतेक वेळा एका ओळीचं असतं: कुत्र्याची बाजारात असेल ती किंमत. एम.एस्सी. प्राणिशास्त्रात केल्यामुळे असेल, पण पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा राग आला. जिवंत प्राणी आणि मोडकी खुर्ची एकाच हिशोबात?

जुने निकाल वाचल्यावर मात्र वेगळंच दिसलं. जुन्या इंग्लिश कायद्यात गाय-घोडा ही पक्की मालमत्ता होती, कुत्रा नव्हता. त्याची चोरी ही इतर चोऱ्यांसारखी चोरीसुद्धा धरत नसत. १८९१ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापुढे विष घालून मारलेल्या तीन न्यूफाउंडलंड कुत्र्यांचा खटला आला. त्यातला एक कुत्रा म्हणे बाई, पुरुष की मूल आलंय हे वेगवेगळं भुंकून सांगायचा! न्यायालय म्हणालं, कुत्र्याला बाजारभाव नसला तरी त्याच्या उपयोगावरून मालकापुरती किंमत ठरवता येईल. म्हणजे त्या काळात कुत्र्याला ‘मालमत्ता’ म्हणणं ही बढती होती.

अडचण पुढे झाली. कुत्रा अंगणातून घरात आला, पण कायदा ‘उपयोगा’पाशीच थांबला. राखण न करणाऱ्या, कुठूनतरी उचलून आणलेल्या गावठी कुत्र्याची किंमत या हिशोबाने जवळजवळ शून्य. मग वकिलाची फीसुद्धा न सुटणारा खटला भरणार कोण? चूक झाली की नाही, हे तपासलंच जात नाही.

काही ठिकाणी चौकट हलली. फ्लोरिडात उपचारादरम्यान कुत्र्याला गरम पॅडवर ठेवून विसरले, तो गंभीर भाजला. ज्युरीने एकूण १३ हजार डॉलर दिले, त्यात मालकाच्या मनस्तापाचाही विचार होता आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. टेनेसीने २००० साली पाळीव प्राण्याच्या सोबतीला मुकल्याबद्दल भरपाईचा कायदाच केला, पण पशुवैद्यांच्या व्यावसायिक निष्काळजीपणाला त्यातून वगळलं.

आणि टेक्सास? फोर्ट वर्थच्या प्राणी निवारा केंद्रात अ‍ॅव्हरी नावाच्या कुत्र्यावर ‘मालकासाठी ठेवा’ अशी चिठ्ठी होती, तरी चुकून त्याला मारलं गेलं. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ चाच नियम कायम ठेवला. पशुवैद्यांच्या संघटनांचं म्हणणं होतं, भावनिक भरपाई सुरू झाली की विमा महागेल, फी वाढेल आणि गरीब मालकांचे प्राणी उपचाराविना राहतील. न्यायालयाचा आणखी एक मुद्दा मला निरुत्तर करतो: सख्खा भाऊ किंवा जवळचा मित्र गेला तरी हा कायदा अशी भरपाई देत नाही, मग कुत्र्यासाठी कशी द्यायची?

मला स्वतःला मधली वाट पटते. कॅलिफोर्नियात २०११ साली बाजारभाव नसलेल्या, छर्‍याने जखमी झालेल्या एका मांजराच्या बाबतीत न्यायालयाने म्हटलं, उपचारावर झालेला वाजवी खर्च मालक मागू शकतो. इथे प्रेमाचा भाव ठरवावा लागत नाही, फक्त बिलं बघावी लागतात. आणि माणूस फुकटात मिळालेल्या मांजरासाठी काय-काय करतो, हे त्या बिलांमध्ये बरंचसं दिसतंच.