पेटीच्या वाटेने गिटार

नागपूर ही १९५६ पर्यंत आमची राजधानी होती. प्रांतरचनेत ती विदर्भासह मुंबई राज्यात गेली आणि मोहगाव मध्यप्रदेशात राहिले. २०२३ मध्ये सौंसर तालुका छिंदवाड्यातून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. सीमा सरकल्या, पण भजनातली पेटी जागची हलली नाही.

ही पेटी तरी मूळची आपली कुठे? १८४० च्या सुमारास पॅरिसच्या देबें याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून वाजवता येईल अशी केली. मींड निघत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिला दार बंद केले. ते १९७१ नंतरच किलकिले झाले.

म्हणूनच गावातला मुलगा गिटार घेऊन बसला, की ‘हे आपले नव्हे’ असे मला म्हणवत नाही. त्याच्या अडचणी दोन : तारांनी दुखावलेली बोटे आणि इंग्रजी अक्षरांचे कॉर्ड. पहिलीवर रोजचा रियाज हाच उपाय. दुसरीची किल्ली पेटीतच आहे. सी म्हणजे सा धरा. मग सी कॉर्ड म्हणजे सा-ग-प एकदम वाजवणे. एफ म्हणजे म-ध-सा. जी म्हणजे प-नी-रे. मोजून पाहा, तिन्हींत मिळून सातही शुद्ध स्वर आले. भातखंड्यांचा बिलावल थाट तो हाच! आपण स्वर एकामागून एक मांडतो, कॉर्डमध्ये ते एकत्र उभे राहतात.

वाचकहो, वाद्याचा मुलूख वहिवाटीने ठरतो.