धार म्यानात असते

बकरी ईद आठवड्यावर आली की जालन्यासारख्या गावातल्या मोहल्ल्यांतून कुरुंदाच्या चाकावर पोलाद घासल्याचा आवाज येऊ लागतो. माळ्यावरच्या सुऱ्या खाली उतरतात आणि शिकलगाराकडे रांग लागते. कुर्बानीची सुरी बोथट नसावी, जनावराला यातना होऊ नयेत, ही पैगंबरांची ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या सुरीचं चामड्याचं म्यान कुणी शिवलं, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

इतिहासालाही तो पडलेला नाही. जालना जिल्ह्याचा लष्करी इतिहास म्हटलं की असईची लढाई आठवते. १८०३च्या सप्टेंबरात बदनापूरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोनच दिवसांनी, २३ तारखेला, भोकरदनजवळ केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईतल्या मृतांचे आकडे मिळतात, इंग्रजांच्या हाती लागलेल्या तोफांचीही मोजदाद आहे. तलवारी संग्रहालयांत दिसतात. म्यानं मात्र कुजून गेली आणि ती करणाऱ्यांची नावंही त्यांच्याबरोबर गेली.

तरीही म्यानाची महती सांगणारा एक साक्षीदार आहे, आणि तो इंग्रज फौजेतला आहे. कॅप्टन लुई नोलन हा मद्रास इलाख्यात नोकरी केलेला घोडदळ अधिकारी. १८५४ साली बालाक्लाव्हाच्या लढाईत ‘लाइट ब्रिगेड’च्या हल्ल्याचा हुकूम घेऊन जाणारा आणि त्याच हल्ल्यात पहिल्या काही क्षणांत मारला गेलेला तो हाच. त्याआधी एक वर्ष, १८५३ साली, घोडदळावरचं त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात निजामाच्या घोडदळाचा एक किस्सा आहे. संख्येने कमी असलेल्या या स्वारांनी रोहिल्यांच्या मोठ्या जमावाचा धुव्वा उडवला होता. डॉक्टरच्या अहवालात खांद्यापासून तुटलेले हात आणि धडावेगळी झालेली डोकी यांची नोंद होती. नोलनला वाटलं, या लोकांकडे तलवारीची काही खास विद्या असणार.

चौकशी केल्यावर निघालं भलतंच. त्या तलवारींची बहुतेक पाती इंग्रजांच्याच घोडदळाने टाकून दिलेली, जुनी होती. निजामाच्या स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवली, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि ती लाकडी म्यानात ठेवली. लढाईशिवाय तलवार बाहेर काढायची नाही, असा त्यांचा रिवाज होता. इंग्रज स्वाराचं म्यान लोखंडी. घोडा दुडकू लागला की पातं आत खडखडायचं आणि तलवार उपसताना, परत घालताना धार लोखंडाला घासायची. शत्रूसमोर येईपर्यंत ती बोथट झालेली असे. एका जुन्या स्वाराने नोलनला सांगितलं, की आम्ही वार करण्याची वेगळी विद्या शिकवत नाही. तलवार धारदार असली की ती कुणाच्याही हातात कापते.

नोलनने स्वाराचं म्हणणं लिहून ठेवलं. शिकलगार आणि म्यान करणारा कारागीर यांच्याकडे तो गेला नाही. या घोडदळाची ठाणी औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, अशी मराठवाड्यात पसरलेली होती. जालन्यालाही १८२७ साली छावणी उभी राहिली. जिथे फौज, तिथे खोगीर, लगाम, पट्टे आणि म्यानं यांचं काम आलंच.

हे काम कुणा एकाचं नव्हतं, हे त्याच्या शब्दांतूनच कळतं. ‘सैकल’ हा अरबी शब्द, अर्थ झिलई देणं. त्याला फारसी ‘गर’ लागून आपला शिकलगार झाला. ‘मियान’ म्हणजे मध्य, कंबर, त्यावरून म्यान. म्यानाच्या तोंडाशी असते ती मोहनाळ, तळाशी असते ती तैनाळ. पण चामडं कमावणारा ढोर, ते शिवणारा चांभार, त्याची रापी आणि आरी हे सगळं इथल्या मातीतलं. लाकडाच्या दोन पातळ फळ्या, त्यांच्यावर ताणून बसवलेलं चामडं, आत शिकलगाराने घासलेलं पातं. एका म्यानात दोन तलवारी राहत नसतील, पण एका म्यानात इतक्या जातीजमातींचे हात मात्र गुण्यागोविंदाने राहिले.

सुरीचं म्यान साधं असतं, तरी त्यातही कसब आहे. बाभळीच्या सालीत किंवा तरवडात कमावलेलं जाड चामडं रापीने कापायचं. धारेच्या बाजूला दोन पदरांच्या मध्ये चामड्याची एक पट्टी घालायची, नाहीतर सुरीच टाके कापून टाकते. आरीने भोकं पाडून मेणवलेल्या दोऱ्याने दोन्ही बाजूंनी टाका घ्यायचा. मग चामडं ओलं करून पात्याच्या घाटावर दाबायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर ते तडकतं. हत्यारांचीही निगा तशीच. रापी दगडावर परजून शेवटी चामड्याच्या तुकड्यावर फिरवायची, आरीच्या टोकाला मेण लावायचं. म्हणजे चामडं कापणाऱ्या हत्याराची धारही अखेर चामड्यावरच उतरते.

या कामाकडे समाजाने कसं पाहिलं? पैगंबरांनी मेलेल्या बकरीचं कातडं वाया का घालवता, असं विचारलं आणि कमावलेलं कातडं पाक ठरवलं. स्वतःची पादत्राणं ते स्वतः दुरुस्त करत, हेही हदीसमध्ये येतं. हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो. पण खाटीक, शिकलगार, कातड्याचे काम करणारे यांच्याशी सोयरीक करायची म्हटलं, की तोच अभिमान कुठे जातो? जात आमच्यातही आहे, हे मान्य केल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. आणि ढोर-चांभार कुटुंबांतली मुलं रापी खाली ठेवून शाळेत गेली, तेव्हा त्यांच्यासाठी ती सुटका होती. त्यावर हळहळण्याचा हक्क आपल्याला नाही.

धंदा मोडण्याची कारणं मात्र वेगळी आहेत. इंग्रजी मुलखात १८७८च्या हत्यारबंदी कायद्याने तलवार परवान्यात अडकवली. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८मध्ये भारतात विलीन झालं आणि फौजा गेल्या, तशी त्यांची गिऱ्हाइकीही गेली. १९५९च्या कायद्याखालच्या नियमांनी नऊ इंचांहून लांब पात्यांना शस्त्र ठरवलं. घरगुती आणि शेतीची अवजारं तेवढी वगळली. तलवारीचं म्यान संपलं, सुरीचं उरलं. पुढे मार्च २०१५पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. चर्चा झाली ती मांसाची आणि मुसलमानांची. पण कातडं शेतकऱ्याकडून खाटकाकडे, तिथून व्यापाऱ्याकडे, ढोराकडे आणि चांभाराकडे जात असे. ही साखळी तुटली, तेव्हा तिच्यातली हिंदू कडी कुणी मोजली नाही.

तेव्हा या ईदनंतर सुरी धुऊन कोरडी करा, तेलाचा हात द्या आणि पावसाळाभर ती म्यानाबाहेर ठेवा. चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं. म्यानालाही थोडं तेल लावा, पण भिजवू नका. आणि घरात जुनं म्यान असेल तर ते कुणी शिवलं होतं, हे आजी-आजोबांना विचारा. नाव आठवलं तर ते कुठेतरी लिहून ठेवा.