नेव्हिल व्हिन्सेंट : लढाऊ विमानातून टपालाच्या विमानात

नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातील वैमानिक आणि भारतातील नियमित हवाई टपालसेवेच्या दोन प्रवर्तकांपैकी एक. दुसरे जे. आर. डी. टाटा. १९३२ साली सुरू झालेल्या सेवेची मूळ योजना व्हिन्सेंट यांची होती. तिला भांडवल आणि संस्थेचे पाठबळ टाटांमुळे मिळाले.

व्हिन्सेंट यांचा जन्म १९०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाला. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाल्यावर त्यांनी मध्यपूर्वेत काम केले आणि ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे शौर्यपदक मिळवले. पहिल्या महायुद्धानंतर हवाई दलात वापरलेली जुनी विमाने स्वस्तात मिळत आणि नोकरी सोडलेले वैमानिक ती घेऊन देशोदेशी फिरत. गावोगावच्या मैदानांवर उतरायचे, पैसे घेऊन हौशी लोकांना आकाशात एक फेरी मारून आणायची, असा हा व्यवसाय होता. व्हिन्सेंट हवाई दलातील आपले एक सहकारी न्यूअल यांच्यासह, युद्धकाळातील आराखड्याची दोन डीएच-९ विमाने घेऊन, याच मार्गाने भारतात आले. या भटकंतीत त्यांना देशातील मैदाने, वारे आणि अंतरे यांची प्रत्यक्ष माहिती झाली.

१९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची सेवा सुरू केली. कराचीपर्यंत आकाशमार्गे आलेली पत्रे पुढे मात्र आगगाडीने जात आणि हवेत वाचवलेले दिवस रुळांवर खर्च होत. कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत विमानाने टपाल नेण्याची योजना व्हिन्सेंट यांनी आखली. तिच्यासाठी पैसा आणि सरकारदरबारी वजन असलेली पेढी हवी होती. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळवलेल्या जे. आर. डी. टाटांना ही योजना पटली. टाटा समूहाचे प्रमुख सर दोराबजी साशंक होते. संचालक जॉन पीटरसन यांनी त्यांचे मन वळवले. सरकारने अनुदान नाकारल्याने वाटाघाटी लांबल्या. अखेर २४ एप्रिल १९३२ रोजी करार झाला. त्यानुसार अनुदान मिळणार नव्हते, फक्त वाहिलेल्या टपालाचा मोबदला मिळणार होता. सुरुवातीची गुंतवणूक सुमारे २ लाख रुपये होती.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टाटा एका इंजिनाचे पुस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोल डब्यांनी भरले गेले आणि दुपारी विमान जुहूला उतरले. तेथे टपाल व्हिन्सेंट यांनी ताब्यात घेतले. बेल्लारीला रात्रीचा मुक्काम करून ते दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले.

या विमानांत बिनतारी यंत्र नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी नदी किंवा रुळांची रेघ यांवर वाट शोधावी लागे. जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतची सखल, चिखलाची जमीन. पावसाळ्यात तेथे भरतीचे पाणी शिरे. तेव्हा सारे बिऱ्हाड पुण्याला हलवून येरवड्याच्या मैदानावरून काम चाले. वैमानिक तीनच होते: टाटा, व्हिन्सेंट आणि होमी भरूचा. पहिल्या वर्षभरात त्यांनी सुमारे १,६०,००० मैलांचे उड्डाण केले आणि १० टनांहून अधिक टपाल वाहिले. कंपनीला ६०,००० रुपये नफा झाला. वेळापत्रक इतके काटेकोर पाळले गेले की सरकारी अहवालातही त्याची प्रशंसा झाली. लष्करी वैमानिकाला हुकूम मिळाल्यावर उडावे लागते. टपालाच्या वैमानिकाला पावसाळा असो वा उन्हाळा, ठरल्या घटकेला निघावे लागते. व्हिन्सेंट यांनी लष्करी शिस्त या नव्या गरजेशी जुळवून घेतली.

१९३५ मध्ये त्रिवेंद्रमची आणि १९३७ मध्ये दिल्लीची सेवा सुरू झाली. १९३८ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील पत्रे सरसकट विमानाने नेण्याची योजना अमलात आल्यावर कराची ते कोलंबो हा मार्ग उघडला आणि मोठी विमाने घ्यावी लागली.

दुसऱ्या महायुद्धात व्हिन्सेंट यांची दिशा पुन्हा लष्कराकडे वळली. भारतात विमाने बांधण्यासाठी टाटांनी जो उपक्रम आखला, त्यात ते पुढे होते. पुण्यात सैन्यासाठी ग्लायडर बनवण्याचा विचार होता. त्याच कामासाठी ते ब्रिटनला गेले. जानेवारी १९४२ मध्ये परतीच्या प्रवासासाठी त्यांनी हवाई दलाच्या हडसन बॉम्बर विमानात जागा मिळवली. ते विमान भारतात पोहोचलेच नाही; फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ शत्रूने ते पाडले असे मानले जाते. त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते.

त्यांच्या पश्चात, १९४६ मध्ये ही सेवा चालवणाऱ्या टाटा एअरलाइन्सचे ‘एअर-इंडिया’ या नावाच्या सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले आणि १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या उड्डाणाच्या पन्नाशीनिमित्त ७८ वर्षांच्या टाटांनी छोट्या लेपर्ड मॉथ विमानाने कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. ते उड्डाण जुहूला संपले; १९३२ मध्ये तेथून पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांचा होता.