शमशेर (इराणी तलवार व म्यान)

एकधारी, अरुंद आणि चांगलीच वाकलेल्या पात्याची इराणी तलवार. सफवी काळात (1501–1736) तिचे परिचित रूप ठरले. पाते टोकाकडे निमुळते होत जाते. वार भोसकण्याचा नाही, ओढून कापण्याचा. मूळ इराणी मूठ हाडाची, शिंगाची वा हस्तिदंताची, शेवटी काटकोनात वळलेली. बोटांवर येणारी परज तिला नसते. दख्खनेत पुष्कळदा तेच पाते वाटीदार देशी मुठीत बसवलेले आढळते.

पोलाद मात्र बरेचदा आपल्याकडचेच. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रमला मुशीतल्या पोलादाचे गोळे घ्यायला इराणी व्यापारी एकोणिसाव्या शतकातही येत. घडवल्यावर त्यात लाटांसारखी नक्षी, म्हणजेच जौहर, उमटे.

मराठ्यांचा कल सरळ धोप आणि युरोपीय पात्याच्या फिरंगेकडे. राज्य शासनाने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून घेतलेली रघूजी भोसल्यांची तलवारही फिरंगच आहे. शमशेर मात्र मानाच्या किताबात शिरली: बाळापूरच्या लढाईतील (1720) पराक्रमाबद्दल दमाजी गायकवाडांना शाहू महाराजांकडून ‘शमशेर बहादूर’ हा किताब मिळाला.

घरोघरच्या जुन्या तलवारींबद्दल सांगायचे, तर बिरवाडी-महाड-पोलादपूर पट्ट्याला लागूनच प्रतापगड. तेथे 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफजलखानाची आदिलशाही फौज मोडली, तिची हत्यारे स्वराज्यात आली. पण म्हणून घरातली प्रत्येक वाकडी तलवार अफजलखानाच्या गोटातली ठरत नाही. पात्यावर नामांकित इराणी तलवारकार असदुल्ला इस्फहानीचे नाव वा इराणचा बादशहा शाह अब्बासचा उल्लेख असला तरी भुलू नये. ही अक्षरे पुढे कित्येक पिढ्या, हिंदुस्थानातसुद्धा, पात्यांवर चढत राहिली.

म्यान म्हणजे दोन पातळ लाकडी फळ्या, वर चामडे, टोकाला धातूची टोपी, अडकवायला दोन कड्या. ते पात्याइतके टिकत नाही, त्यामुळे जुन्या पात्याला नवे म्यान ही नेहमीची गोष्ट; दोघांचे वय वेगवेगळे पाहावे. वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाड-पोलादपूर भागात लाकूड-चामडे ओल धरते आणि पाते आतल्या आत गंजते. दसऱ्याच्या पूजेनंतर हळद-कुंकू पुसून, तेलाचा हात फिरवून पाते म्यानाबाहेर ठेवलेले बरे. लखलखाटासाठी पॉलिश पेपर किंवा चिंच लावली, तर जौहर पुसट होतो. शंभर वर्षांहून जुनी शमशेर 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.